तंजावरच्या राजवाड्यातील कौटुंबिक न्याय : दत्तक, पालकत्व आणि विधवांचे हक्क

तंजावरच्या मराठी राजवटीचा विचार मराठीत प्रामुख्याने वाङ्मयाच्या आणि कलेच्या अंगाने झाला आहे. शहाजीराजांची नाटके, सरस्वती महालातील हस्तलिखिते, बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख हे अभ्यासाचे परिचित विषय होत. या वैभवाच्या आड राहिलेला एक विषय म्हणजे राजवाड्यातील कौटुंबिक वाद. हे वाद केवळ भाऊबंदकीचे नव्हते. मुलाचा ताबा कोणाकडे असावा, दत्तक केव्हा वैध ठरतो, एका पुरुषाच्या अनेक विधवांमध्ये वारसा कसा वाटला जावा, विवाह कशाला म्हणावे आणि अविवाहसंबंधातील संततीचे स्थान कोणते, हे प्रश्न इ. स. १७८७ पासून पुढे सुमारे एकशेचाळीस वर्षे तंजावरच्या संदर्भात पुन्हा पुन्हा उपस्थित झाले. त्यांतील काहींची उत्तरे पुढे भारतभरच्या हिंदू कायद्याचा भाग बनली.

विवाह, घटस्फोट, अपत्याचा ताबा आणि पतिपत्नींमधील करार या चार विषयांना आज ‘कौटुंबिक कायदा’ या एका नावाखाली एकत्र आणले जाते. ही विभागणी आधुनिक आहे. तंजावरच्या प्रकरणांत हे सर्व धागे वारशाच्या प्रश्नात गुंतलेले दिसतात. राजघराण्यात घटस्फोटाचा प्रश्न आलाच नाही. कारण तेथे पत्नीचा त्याग करण्याची गरज नव्हती, दुसरी पत्नी करता येत होती. या एका वस्तुस्थितीतूनच पुढची बहुतेक गुंतागुंत निर्माण झाली.

शास्त्र आणि रूढी

तंजावरच्या दरबारात स्त्रीच्या धर्माचा विचार शास्त्रग्रंथाच्या रूपाने झाला होता. त्र्यंबकयज्वन् या पंडिताने अठराव्या शतकात ‘स्त्रीधर्मपद्धति’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पहाटे उठण्यापासून रात्री निजेपर्यंत पत्नीने काय करावे याचे तपशीलवार विधान त्यात आहे. पत्नीची कर्तव्ये सांगणारा असा स्वतंत्र आणि विस्तृत ग्रंथ धर्मशास्त्रवाङ्मयात विरळाच. तथापि त्याचा रोख कर्तव्यांवर आहे. पतीने पत्नीला टाकले, किंवा तिच्या डोळ्यांदेखत आणखी विवाह केले, तर तिने दाद कोठे मागावी याचे उत्तर अशा ग्रंथात शोधण्यात अर्थ नाही.

रूढीचे चित्र याहून वेगळे होते. महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड आणि पाट या दोन्ही प्रथा रूढ होत्या. काडीमोड म्हणजे विवाहबंध तोडणे आणि पाट म्हणजे विधवेचा वा सोडलेल्या स्त्रीचा पुनर्विवाह. सोडचिठ्ठी, फारकत हे शब्दही याच व्यवहारातले. आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या कायद्यांचा आणि चालीरीतींचा जो संग्रह १८२७ साली प्रसिद्ध केला, त्यात या प्रथांची जातवार नोंद आहे. ब्राह्मणांत आणि उच्च कुळांचा अभिमान बाळगणाऱ्या मराठा घराण्यांत मात्र पाट हलका मानला जाई. म्हणजे समाजाच्या ज्या थराला प्रतिष्ठा अधिक, त्या थरातील स्त्रीला विवाहातून बाहेर पडण्याची वाट कमी, असा हा व्यस्त संबंध होता. तंजावरच्या राण्या या व्यस्त संबंधाच्या अगदी टोकाला उभ्या होत्या.

इंग्रजी न्यायालये आल्यानंतर रूढीची वाटही अरुंद झाली. सांभू रघू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १८७६ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने असे ठरविले की, पतीच्या संमतीवाचून विवाह रद्द करण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा अधिकार जातपंचायतीला नाही. पंचायतीच्या जुलमाला यामुळे आळा बसला हे खरे. पण पंचायतीच्या आधारे सुटका मिळविणारी स्त्रीही त्यामुळे निराधार झाली. न्यायालयाने जुने दार बंद केले, नवे दार उघडायला मात्र पुढची सत्तर वर्षे लागली.

दत्तकाचा वाद आणि बालकाचा ताबा

तंजावरचे तुळजाराजे यांचा मृत्यू १७८७ साली झाला. औरस पुत्र हयात नसल्याने मृत्यूपूर्वी, त्याच वर्षीच्या जानेवारीत, त्यांनी भोसले कुळातील एका शाखेतील मुलगा दत्तक घेतला. हेच पुढचे सरफोजीराजे. त्यांचा जन्म सप्टेंबर १७७७ मधला. म्हणजे दत्तविधानाच्या वेळी त्यांना दहावे वर्ष चालू होते. तुळजाराजांनी या मुलाचा सांभाळ करण्याची विनंती ख्रिस्ती मिशनरी क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांना केली. श्वार्ट्झ यांनी राजवाड्यातील हेवेदावे ओळखून ती जबाबदारी एकट्याने घेण्यास नकार दिला आणि राजाचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे मुलाचे पालकत्व व राज्याचा कारभार सोपविण्याचा सल्ला दिला. सल्ला व्यावहारिक होता, पण त्यात एक मूलभूत दोष होता. ज्याच्या हाती मूल दिले, त्याचाच लाभ ते मूल वारस न ठरण्यात होता.

अमरसिंहांनी दत्तकाच्या वैधतेला आव्हान दिले. आक्षेप मुख्यतः तीन होते. दत्तक घेते वेळी राजाचे चित्त ठिकाणावर नव्हते, हा पहिला. मुलाचे वय दत्तकयोग्य मर्यादेपलीकडे गेले होते, हा दुसरा. आणि तो आपल्या जनक पित्याचा एकुलता एक पुत्र होता, हा तिसरा. मद्रासचे गव्हर्नर आर्चिबाल्ड कँपबेल यांनी पंडितांचे मत मागविले. ते दत्तकाच्या विरुद्ध गेले आणि कंपनीने अमरसिंहांना गादीवर बसविले.

यानंतरचा काळ हा या इतिहासातील सर्वांत करुण भाग आहे. लहान सरफोजींना राजवाड्यात जवळपास कोंडून ठेवण्यात आले. त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था झाली नाही. त्यांना बंद खिडक्यांच्या खोलीत ठेवले असल्याचे वृत्त श्वार्ट्झ यांच्यामार्फत मद्रासला पोहोचले. तुळजाराजांच्या विधवांच्याही तक्रारी होत्या. शेवटी कंपनी सरकारने हस्तक्षेप केला आणि १७९३ च्या आरंभी मुलाला व विधवा राण्यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके या मिशनऱ्याने सरफोजींच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. पुढे ज्यांचे ग्रंथप्रेम सर्वश्रुत झाले, त्या राजाच्या शिक्षणाला हे असे उशिरा स्थैर्य लाभले.

दत्तकाच्या प्रश्नाची फेरचौकशी झाली, अन्य पंडितांची मते मागविण्यात आली आणि ती या वेळी दत्तकाच्या बाजूने पडली. १७९८ च्या जूनअखेर सरफोजी गादीवर आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्वार्ट्झ निवर्तले होते. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, तंजावरच्या मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. शास्त्रार्थाचा निकाल आणि कंपनीची राजकीय सोय या दोहोंची अशी सांगड पडली, ही बाब दृष्टिआड करता येत नाही. तेच शास्त्र, तोच मुलगा, तेच दत्तविधान. अकरा वर्षांत उत्तर मात्र उलटे झाले.

या प्रकरणातून दोन कायदेशीर प्रश्न वेगळे काढता येतात. पहिला एकुलत्या एका पुत्राच्या दत्तकाचा. एकुलता पुत्र देऊ नये आणि घेऊ नये असे वसिष्ठाचे वचन आहे. ही आज्ञा आहे की उपदेश, म्हणजे तिचे उल्लंघन केल्यास दत्तक मुळातच रद्द होतो की केवळ दोष लागतो, यावर उच्च न्यायालयांत दीर्घ काळ मतभेद राहिले. १८९९ साली मद्रास आणि अलाहाबाद येथून आलेल्या अपिलांत प्रिव्ही कौन्सिलने ते वचन उपदेशपर मानून असा दत्तक वैध ठरविला. तंजावरच्या पंडितांना ज्या प्रश्नाने विभागले होते, त्याचे अंतिम उत्तर यायला शंभराहून अधिक वर्षे लोटली. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात एकुलतेपणाची अट नाही. दत्तक मुलाने वयाची पंधरा वर्षे पूर्ण केलेली नसावीत, एवढी वयोमर्यादा आहे, आणि तीही रूढी असल्यास शिथिल होते. १७८७ चे तीन आक्षेप आज उपस्थित झाले असते, तर त्यांतील केवळ पहिला, म्हणजे दत्तक घेणाऱ्याच्या मानसिक स्थितीचा, न्यायालयापुढे टिकला असता.

दुसरा प्रश्न ताब्याचा. मूल कोणाचे, आणि मूल कोणापाशी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १७८७ मध्ये ते वेगळे मानले गेले नाहीत. दत्तक अवैध ठरताच मुलाच्या संगोपनाचा विचारच मागे पडला. जणू वारस नसलेल्या मुलाला उजेडाची आणि अक्षरांची गरज नसते. आधुनिक कायद्याने हे दोन प्रश्न अलग केले. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने पालक नेमताना मुलाच्या हिताचा विचार करण्याचे बंधन न्यायालयावर घातले. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या तेराव्या कलमाने मुलाचे कल्याण हाच सर्वोपरी विचार ठरविला. ज्याचे हितसंबंध मुलाच्या हिताशी विरोधी आहेत, त्याला पालक नेमू नये, हे तत्त्व आज प्राथमिक मानले जाते. अमरसिंहांची नेमणूक या तत्त्वावर क्षणभरही टिकली नसती.

या सर्व वादात मुलाच्या जन्मदात्या आईचा किंवा दत्तक मातांचा पालक म्हणून विचार झाला नाही, हेही नोंदविले पाहिजे. दोन पुरुष, एक गव्हर्नर आणि पंडितांची सभा यांच्यात निर्णय झाला. आईला पित्याच्या हयातीतही योग्य परिस्थितीत नैसर्गिक पालक मानता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साली सांगितले.

सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. या प्रदीर्घ शिलालेखाकडे बहुधा भाषेचे आणि इतिहासाचे साधन म्हणून पाहिले जाते. ज्या राजाचे कुळातील स्थानच अकरा वर्षे वादग्रस्त होते, त्याने गादीवर आल्यावर पाच वर्षांत कुळाची वंशावळ दगडावर आणावी, यात आणखी एक अर्थ दिसतो. पंडितांचे मत बदलते, दगडावरचे अक्षर बदलत नाही.

विधवांचा दावा

सरफोजीराजांचे पुत्र दुसरे शिवाजीराजे १८३२ साली गादीवर आले आणि २९ ऑक्टोबर १८५५ रोजी निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. पुत्रप्राप्तीच्या आशेने त्यांनी अखेरच्या काळात एकाच वेळी सतरा मुलींशी विवाह केल्याचे नोंदले गेले आहे. त्या मुलींच्या बाजूने पाहिले तर ही घटना भयावह आहे. त्या कोवळ्या वयात एका आजाराने घेरलेल्या राजाच्या राण्या झाल्या आणि थोड्याच वर्षांत विधवा झाल्या. पुनर्विवाह त्यांच्या कुळाला वर्ज्य होता. उरलेले दीर्घ आयुष्य राजवाड्याच्या भिंतींआड काढणे एवढेच त्यांच्या वाट्याला आले.

गादीला पुरुष वारस नाही या कारणावरून कंपनी सरकारने राजपद संपुष्टात आणले. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये कमिशनर फोर्ब्स यांनी राजवाडा आणि त्यातील मालमत्ता ताब्यात घेतली. राज्य गेले तरी राजाची खाजगी मालमत्ता तिच्या वारसांची आहे, असे म्हणून ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. कोर्टाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. सरकारने अपील केले आणि १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय फिरविला. लॉर्ड किंग्सडाउन यांच्या निकालाचा आशय असा की, मालमत्ता ताब्यात घेण्याची कृती ही सार्वभौम सत्तेने केलेली राज्यकृती होती. ती न्याय्य असो वा अन्याय्य, तिची चौकशी करण्याचा अधिकार देशातील न्यायालयांना नाही. ‘राज्यकृती’च्या सिद्धान्ताचा आधार म्हणून हा निकाल आजही उद्धृत होतो. एका विधवेने आपल्या पतीच्या खाजगी चीजवस्तूंसाठी केलेला दावा अशा रीतीने आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पाठ्यपुस्तकात गेला. विधवेच्या हाती मात्र काही आले नाही.

न्यायालयाने नाकारलेले सरकारने पुढे अनुग्रह म्हणून परत दिले. १८६२ च्या आदेशाने जमीनजुमला राजाच्या वारसांना सोडण्यात आला. व्यवस्था अशी होती : ज्येष्ठ विधवेने मालमत्तेचा कारभार पाहावा, इतर विधवांना तिचा उपभोग योग्य प्रकारे मिळेल अशी तजवीज करणे हे तिचे कर्तव्य राहील, शेवटच्या विधवेच्या मृत्यूनंतर राजाची कन्या, आणि ती नसल्यास राजाचे पुढचे वारस, यांच्याकडे मालमत्ता जावी. कौटुंबिक व्यवस्थापत्राचाच हा नमुना म्हणता येईल. फरक इतकाच की, त्यावर कुटुंबीयांची संमती नव्हती, सरकारची मोहोर होती.

‘योग्य प्रकारे’ म्हणजे काय, यावरून राण्यांमध्येच वाद उत्पन्न झाला आणि जिजांबाबाई विरुद्ध कामाक्षीबाई हा खटला मद्रास उच्च न्यायालयात गेला. त्याचा निकाल १८६८ मधला. त्यापूर्वी दक्षिणेत असे मत प्रचलित होते की, अनेक विधवा असल्यास वारसा ज्येष्ठ विधवेकडे जातो आणि इतरांना केवळ अन्नवस्त्राचा हक्क राहतो. यज्ञकर्मात पतीबरोबर बसणारी तीच ‘पत्नी’, अशी या मतामागची भूमिका होती. उच्च न्यायालयाने ती स्वीकारली नाही. विधिपूर्वक विवाह झालेल्या सर्व विधवा पतीची मालमत्ता एकत्रितपणे, हयातीपुरती घेतात. त्यांचा उपभोगाचा हक्क समान असतो. एक निवर्तली की तिचा हिस्सा उरलेल्यांकडे जातो. ज्येष्ठ विधवेला कारभाराचा मान आहे, पण मालकीचा अधिकपणा नाही, असे या निकालाचे सार आहे.

या निकालाचे महत्त्व तंजावरपुरते राहिले नाही. अनेक विधवांच्या वारशाविषयी मिताक्षरा कायद्याचा आधारभूत निकाल म्हणून तो पुढे मान्य झाला. मद्रास प्रांतातीलच गजपती कुटुंबाच्या प्रकरणात १८७७ साली प्रिव्ही कौन्सिलने हीच दिशा धरली आणि विधवांमध्ये एकत्र नांदणे अशक्य झाल्यास उपभोगासाठी वेगवेगळा ताबा देता येईल, असे मान्य केले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या दहाव्या कलमाचा पहिला नियम असा आहे की, मृताच्या विधवेला, किंवा एकाहून अधिक विधवा असल्यास त्या सर्वांना मिळून, एक हिस्सा मिळेल. विधवांत ज्येष्ठ-कनिष्ठ असा भेद न करणारी ही समता तंजावरच्या राण्यांच्या भांडणातून स्पष्ट झाली होती. त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमाने ‘हयातीपुरता’ ही मर्यादाही काढून टाकली आणि स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची केली.

खड्गविवाह आणि ‘विवाह’ या शब्दाचा अर्थ

विधिपूर्वक विवाह झालेल्या विधवांना समान हक्क मिळाला. पण विधी कोणता, हा प्रश्न उरतोच. तंजावरच्या राजवाड्यात राण्यांखेरीज आणखी एक स्त्रीवर्ग होता. राजाच्या तलवारीशी ज्यांचे लग्न लावले जाई, अशा या स्त्रिया. या खड्गविवाहाने त्या राजाच्या आश्रयाला येत, त्यांना स्वतंत्र महालात ठेवले जाई आणि त्या आजन्म अन्य पुरुषाशी संबंध ठेवीत नसत. शिवाजीराजांच्या अशा स्त्रिया मंगळविलास या वास्तूत राहत. मराठी दरबारांतील ‘नाटकशाळा’ आणि त्यांच्या संततीला लावला जाणारा ‘लेकावळे’ हा शब्द याच सामाजिक वास्तवाकडे बोट दाखवितात. सरफोजीराजांनी ओरत्तनाडू येथे उभारलेले मुक्तांबाळ छत्र हे त्यांच्या अशाच एका प्रिय आश्रित स्त्रीच्या नावाचे आहे. तेथे प्रवाशांना अन्न आणि निवारा मिळे, शिक्षणाचीही सोय होती. नाव अमर झाले. कायद्यातील स्थान मात्र अनिश्चित राहिले.

व्यवहारात हे स्थान नेहमीच कनिष्ठ नव्हते. १७३९ पासून १७६३ पर्यंत तंजावरवर राज्य करणारे प्रतापसिंह हे तुकोजीराजांच्या खड्गविवाहाच्या स्त्रीचे पुत्र असल्याची नोंद आहे. म्हणजे गादीच्या बाबतीत जी परंपरा पुरेशी लवचिक होती, तिलाच पुढे न्यायालयात निश्चित वर्गवारी द्यावी लागली.

शिवाजीराजांच्या अखेरच्या विधवेनंतर राजवाड्याची मालमत्ता कोणाकडे जावी यासाठी जे दावे झाले, त्यांत खड्गविवाहाच्या स्त्रियांच्या संततीचा दावाही होता. कोल्हापूरचे महाराज पक्षकार असलेला हा खटला १९२० च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापुढे आला. त्या वेळच्या मिताक्षरा कायद्यानुसार त्रैवर्णिकांच्या अनौरस पुत्राला केवळ निर्वाहाचा हक्क होता, तर शूद्राच्या दासीपुत्राला वारशात हिस्सा मिळू शके. त्यामुळे मुलांचे हक्क ठरविण्यासाठी आधी वडिलांचा वर्ण ठरवावा लागला. न्यायालयाने प्राचीन ग्रंथ, बखरी, राज्याभिषेकाचा इतिहास आणि चालीरीती यांची दीर्घ छाननी करून तंजावरचे राजघराणे कायद्याच्या दृष्टीने शूद्र आहे, असा निष्कर्ष काढला. काही वर्षांतच, १९२८ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने सुबराव हंबीरराव पाटील यांच्या खटल्यात शहाण्णव कुळी मराठे क्षत्रिय असल्याचे मत दिले. एकाच समाजाविषयी दोन उच्च न्यायालयांनी दिलेले हे परस्परविरुद्ध निर्णय पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. येथे प्रश्न मराठ्यांच्या वर्णाचा नव्हता. आईवडिलांच्या नात्याचे स्वरूप काहीही असो, मुलाला काय मिळावे, हा खरा प्रश्न होता आणि तो सरळ विचारण्याची सोय तत्कालीन कायद्यात नव्हती. वर्णाचा वाद त्या गैरसोयीतून उद्भवला.

१९५६ च्या वारसा कायद्याने वर्णावर आधारलेला हा भेद काढून टाकला. निरर्थक ठरलेल्या विवाहातील संततीला हिंदू विवाह कायद्याच्या सोळाव्या कलमाने औरस मानले, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा संततीला आईवडिलांच्या वाट्याच्या एकत्र कुटुंबातील मालमत्तेतही हक्क असल्याचे स्पष्ट केले. तथापि ज्या संबंधात विवाहविधी मुळीच झाला नाही, तेथे या कलमाची सावली पोहोचत नाही. मंगळविलासातील स्त्रियांचा प्रश्न नव्या रूपात अजून शिल्लक आहे.

करार : संमती आणि तिच्या मर्यादा

राण्यांच्या हक्कांविषयी विवाहाच्या वेळी कोणताही करार झाला असता, तर हे वाद टळले असते काय? हिंदू कायद्याच्या परंपरेत विवाह हा संस्कार मानला गेल्याने अशा करारांना न्यायालयांनी फारसे बळ दिले नाही. पतीने सासरी न नेता पत्नीच्या माहेरी राहावे, या विवाहपूर्व कराराला कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०१ साली टेकैत मनमोहिनी यांच्या खटल्यात अमान्य केले. १८७२ च्या करार कायद्याचे तेविसावे कलम सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार रद्द ठरविते, आणि भावी विभक्ततेची आगाऊ तरतूद करणारे करार त्या कचाट्यात सापडण्याचा संभव असतो.

मराठी भाषकांच्याच एका प्रदेशात, गोव्यात, स्थिती वेगळी आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. तिच्यानुसार विवाहापूर्वी नोंदणीकृत कराराने पतिपत्नींना आपल्या मालमत्तेची व्यवस्था ठरविता येते. करार नसल्यास दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा मानला जातो. विवाहानंतर मात्र हा करार बदलता येत नाही. त्याच गोव्यात हिंदूंच्या रूढींना मान्यता देणाऱ्या १८८० च्या हुकूमनाम्याने अपत्य किंवा पुत्र नसल्यास, ठरावीक वयाच्या अटीवर, दुसऱ्या विवाहाला वाव ठेवला होता. पुत्राची इच्छा आणि पत्नीचा हक्क यांतील संघर्ष तंजावरप्रमाणेच मांडवीकाठीही कायद्याला चुकविता आला नाही. कायदा जेथे स्त्रीला निम्मी मालमत्ता देतो, तेथेच तिच्या पुत्रहीनतेची शिक्षाही नोंदवून ठेवतो, हा विरोधाभास बोलका आहे.

नवे दार

तंजावरच्या बहुपत्नीकत्वाला कायद्याने पूर्णविराम मिळाला तो १९४९ मध्ये. त्या वर्षीच्या मद्रास कायद्याने हिंदूंचा द्विभार्या विवाह निरर्थक ठरविला आणि त्याच कायद्याने घटस्फोटाचीही तरतूद केली. मुंबई प्रांतात या दोन सुधारणा १९४६ आणि १९४७ च्या स्वतंत्र कायद्यांनी झाल्या होत्या. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दोन्ही देशव्यापी केल्या. परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची वाट १९७६ च्या दुरुस्तीने खुली झाली. एकपत्नीत्व आणि घटस्फोट हे दोन नियम मद्रासच्या कायद्यात जोडीने यावेत, यात तर्कसंगती आहे. पतीसाठी बहुविवाहाची वाट बंद करायची, तर न जमणाऱ्या संसारातून बाहेर पडण्याची वाट दोघांनाही द्यावी लागते.

मुलींच्या हक्कांच्या बाबतीत तमिळनाडू आघाडीवर राहिले. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती तेथे १९८९ साली झाली, महाराष्ट्रात १९९४ साली, आणि देशभर २००५ साली. शिवाजीराजांच्या कन्येला १८६२ च्या आदेशाने शेवटच्या विधवेनंतरचे स्थान दिले होते. आजच्या कायद्यात ती विधवांच्या रांगेमागे उभी नसती, त्यांच्या बरोबरीने प्रथम वर्गातील वारस ठरली असती.

समारोप

या एकशेचाळीस वर्षांच्या इतिहासात एक सूत्र दिसते. प्रत्येक प्रसंगी कायद्याने जो प्रश्न विचारला, तो त्या प्रसंगातील दुर्बल व्यक्तीचा प्रश्न नव्हता. नऊ वर्षांच्या मुलाबाबत ‘दत्तक वैध काय’ असे विचारले गेले, ‘मूल सुरक्षित काय’ असे नाही. राण्यांबाबत ‘जप्ती राज्यकृती काय’ असे विचारले गेले, ‘या स्त्रियांनी जगावे कसे’ असे नाही. मंगळविलासातील संततीबाबत ‘राजा क्षत्रिय काय’ असे विचारले गेले. आधुनिक कौटुंबिक कायद्याची प्रगती उत्तरे बदलण्यापेक्षा प्रश्न बदलण्यात आहे. मुलाचे कल्याण, पत्नीची समता, संततीचा हक्क हे आता स्वतंत्र प्रश्न म्हणून न्यायालयापुढे येऊ शकतात.

राजवाड्याच्या मालमत्तेवरील या वादांतून एक गोष्ट सर्वांच्या वाट्याला आली. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ साली सार्वजनिक झाले, त्यामागे वारसांनी कौटुंबिक हक्कावर सोडलेले पाणी होते. तेथील मोडी कागदपत्रांचे अनेक रुमाल अभ्यासकांची वाट पाहत आहेत. त्यांत राजांच्या दानांचे आणि उत्सवांचे हिशेब आहेत, तसेच राण्यांच्या आणि महालातील स्त्रियांच्या नेमणुकांचेही आहेत. ज्यांच्या नावाने मोठे निकाल गाजले, त्या स्त्रियांच्या नित्याच्या जीवनाविषयी निकालपत्रे मौन बाळगतात. ते मौन भेदायचे तर मराठीच्या अभ्यासकाला कायद्याच्या ग्रंथांबरोबर या रुमालांकडेही वळावे लागेल.